अडीच अक्षरांचे शंभर रुपये

"नम्र. अडीच अक्षरं. शंभर रुपये. घालायचं काय?"

दगडावर अक्षरं कोरणाऱ्या त्या माणसाच्या आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. त्याचा हिशोब सरळ होता. साध्या अक्षराला ४० रुपये, जोडाक्षर दीड धरायचं, काना-मात्रा-वेलांटी फुकट, क्रूस कोरायचे वेगळे. मी घरून कॅलेंडरच्या पानामागं मजकूर लिहून नेला होता. ख्रिस्तवासी, मग पप्पांचं पूर्ण नाव, जन्म १९४९, मृत्यू २०२३, निवृत्त शिक्षक, मंडळीचे वडील (हे चर्चच्या कारभारातलं पद), आणि सगळ्यात खाली 'प्रभूचा नम्र सेवक'. तो पेन्सिलीनं एकेका अक्षरावर ठिपका देत खाली येत होता. 'ख्रिस्तवासी'ची पाच भरली. मागं त्याचा पोरगा ग्राइंडर चालवत होता, आणि उडालेली भुकटी दोघांच्याही भुवयांवर बसून दोघं एकाच वयाचे म्हातारे दिसत होते. शेवटच्या ओळीवर तो थांबला. म्हणाला, "ही वळ लांब हुतीया. नम्र काढलं तर नीट बसतंय. ठेवायचं असंल तर सगळीच अक्षरं बारीक करायला लागतील. तुम्ही सांगा."

मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. आणि गाडीला किक मारून निघालो.

तेव्हापासून ते 'नम्र' माझ्या डोक्यात खड्यासारखं अडकून बसलंय. बूट काढून झटकावा म्हटलं तर सापडत नाही, चालायला लागलं की टोचतं. तो शब्द मी लिहिताना एक क्षणही विचार केला नव्हता. आमच्या दफनभूमीत चार कबरी सोडून पाचवीवर तो असतोच, 'प्रिय' आणि 'कष्टाळू' यांच्यासारखा हात आपोआप लिहून जातो. पण कुणीतरी त्याची किंमत सांगितल्यावर मात्र पहिल्यांदा प्रश्न पडला. पप्पा नम्र होते का?

दफन झाल्यावर लगेच दगड बसवत नाहीत. माती बसावी लागते. घाई केली तर पहिल्या पावसाळ्यात एक कोपरा खचतो आणि दगड दारूड्यासारखा कलतो. आम्ही दोन पावसाळे थांबलो. मधे मधे मी जाऊन यायचो. घाणेरीची झुडपं उपटायची, मेणबत्तीचं वितळून राहिलेलं मेण खरवडायचं. जुन्या भागातल्या काही कबरींवर शिशाची अक्षरं बसवलेली आहेत. वर्षानुवर्षांच्या पावसानं त्यातली बरीच गळून पडली, आता नाव वाचायचं म्हणजे नुसती भोकं वाचायची. एका बाळाच्या कबरीवर वय दिवसांत लिहिलंय, अकरा. त्यावर एकही विशेषण नाही. कुणी लावणार तरी काय?

आमच्या चर्चमध्ये पंख्यांवर नावं आहेत. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो, पण देवळाच्या फरशीवर, शाळेच्या बाकावर, एसटीच्या थांब्यावर नावं असतातच की. आमच्याकडं पंखे आहेत, एवढंच. तांबड्या ऑइलपेंटनं एका पात्यावर 'ख्रिस्तवासी अमुक', दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. गंमत अशी की पंखा फिरायला लागला की यातलं काहीच दिसत नाही. एक तांबूस वर्तुळ तेवढं दिसतं. लहानपणी भारनियमनाच्या काळात उपासना चालू असताना वीज जायची. माईक गप्प व्हायचा, पाळकांचा आवाज एकदम बारीक होऊन खऱ्या माणसासारखा यायचा, आणि वर पंखे मंद होत होत एकेक नाव बाहेर पडायचं. आधी अक्षरांचा चिखल, मग मात्रा, मग आडनाव, मग अख्खा माणूस. पावडरीचा, अबोलीच्या गजऱ्याचा आणि घामाचा वास दाटून यायचा. बायका गीताच्या पुस्तकानं वारा घ्यायच्या. मी मान वर करून मेलेली माणसं वाचत बसायचो. वीज आली की ती परत नाहीशी.

डावीकडच्या तिसऱ्या पंख्यावर मात्र काही नव्हतं. तो पप्पांनी दिलेला. आजी गेली त्या वर्षी, तिच्या नावानं. पंचांनी विचारलं, मजकूर काय घालायचा. पप्पा म्हणाले, काही नको, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. पंच गप्प बसले. मग हीच गोष्ट पप्पांनी शब्बाथशाळेत मुलांना सांगितली. मग सांगलीच्या पाहुण्यांना. मग एका लग्नात, श्रीखंडाची वाटी हातात धरून, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना. दान गुप्त होतं, आणि ते गुप्त ठेवलंय हे साऱ्या मंडळीला पाठ होतं. आई त्यांच्या मागं उभी राहून ओठ मुडपायची.

मला आठवतं तेवढं खरं लिहायचं तर पप्पांना स्वतःच्या अक्षराचा अभिमान होता, आवाजाचा होता, आणि आपल्याला अभिमान नाही याचा तर फारच होता. फळ्यावर 'क' काढताना ते मागं सरकून त्याच्याकडं बघायचे. गायनात खालचा स्वर धरायचे आणि शेवटच्या 'आमेन'ला सगळ्यांच्या अर्धा श्वास पुढं थांबायचे. उपदेश करायची पाळी आली की नामदेव पायरीची गोष्ट हमखास यायची. आयुष्यभर कीर्तनं करून मोठं नाव मिळवलेल्या माणसानं शेवटी जागा मागितली ती पायरीची, येणाऱ्या-जाणाऱ्या संतांचे पाय लागावेत म्हणून. मग तिथून ते बायबलमधल्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रावर यायचे, ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं त्या ओळीवर. 'रिक्त' म्हणताना हाताची ओंजळ उलटी करायचे. चर्चमध्ये पंढरपूर कशाला, असं मंडळीच्या दुसऱ्या एका वडिलांनी विचारलं तर पप्पा म्हणाले, नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडं आले म्हणायचे, तुम्ही कुठल्या पुलावरून आलात? उत्तर बिनतोड होतं. नम्र होतं असं म्हणवत नाही.

गुऱ्हाळाचं तर सांगायलाच पाहिजे. पप्पांचा एक जुना विद्यार्थी शिये गावाच्या बाजूला ऊस करायचा. दिवाळीनंतर कधीतरी एखाद्या शनिवारी पप्पा मला सायकलच्या दांड्यावर बसवून तिकडं न्यायचे. पंचगंगेच्या पुलावर गार वारं लागायचं आणि दांड्याचे वळ मांडीवर उठायचे. गुऱ्हाळ दिसायच्या आधी नाकाला कळायचं. चिपाडांचा धूर, भेंडीच्या चिकानं वर आलेली मळी, आणि त्या सगळ्यावर तो उकळत्या रसाचा जड, गोड, किंचित करपलेला वास. काहिलीवर वाफेचा खांब उभा असायचा, छपरापर्यंत. गुळव्या त्यातून दिसायचा, मधेच नाही दिसायचा. आम्हाला पत्र्याच्या डब्यात गरम काकवी मिळायची आणि मूठभर शेंगा. एकदा पप्पांनी मला काहिलीपासून दूर धरून सांगितलं, "जा, पकड बघू ती वाफ." मी हात घातला. तळवा ओला झाला आणि गार पडला. मग त्यांनी याकोबाच्या पत्रातलं वाचून दाखवावं तसं सांगितलं. तुम्ही वाफ आहा, थोडा वेळ दिसते आणि दिसेनाशी होते. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला काकवी पाहिजे होती.

गुळव्यानं ते ऐकलं. उलथण्यानं रस हलवता हलवता म्हणाला, "मास्तर, वाफ गेल्याबिगर गूळ हुत न्हाई."

पप्पांनी हे वाक्य पुढं किमान वीस वर्षं उपदेशांत वापरलं. अंत्यविधीत तर नक्कीच. लोक डोळे पुसायचे. गुळव्याचा उल्लेख मी एकदाही ऐकला नाही. मीही ते वाक्य बरीच वर्षं डोक्यावर घेऊन नाचलो, मग पुढं कधीतरी लक्षात आलं की याकोबानं गुळाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. त्यानं 'वाफ आहा' एवढंच म्हटलं आणि तो पुढच्या मुद्द्यावर गेला. म्हणजे प्रभूची इच्छा असेल तर आम्ही जगू आणि अमुक करू, असं म्हणा. खाली काय उरतं ते त्यानं सांगितलं नाही. गूळ आपण कोल्हापूरकरांनी लावला. आपल्याला राहवतच नाही.

पप्पा गणिताचे शिक्षक. नव्वदावं स्तोत्र त्यांना फार प्रिय, कारण त्यात हिशोब आहे. आयुष्य सत्तर वर्षं, अंगात बळ असलं तर ऐंशी, आणि आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव. दहावीच्या वर्गाला ते मे महिन्याच्या सुट्टीआधी फळ्यावर गुणाकार घालायला लावायचे. सत्तर वर्षांचे दिवस किती, लीप वर्षं धरून? साधारण २५,५६७. मग विचारायचे, "तुमचे किती संपले?" पोरं हसत मोजायची. एक तरी पोरगी गप्प व्हायची.

त्यांची स्वतःची सत्तर भरली २०१९ साली, आणि त्याच ऑगस्टला पूर आला. आमचं घर शाहूपुरीच्या सखल गल्लीत. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, हा कोल्हापूरचा पावसाळ्यातला नमस्कार-चमत्कार असतो. ३९ला इशारा, ४३ला धोका, तिथपर्यंत आम्ही चहा पीत बोलतो. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या खोलीत सात जण, आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्यात जाताना पप्पा मोठ्यानं मोजत होते. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ, जमिनीवर गुडघ्याखाली रबडी, आणि तो वास. तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. पप्पांची प्रशस्तिपत्रकं फ्रेमसकट फुगली होती. काचेच्या आत त्यांच्या नावाची शाई उतरून खाली निळं तळं साचलेलं. मी म्हटलं, वाळत घालू. ते म्हणाले, "टाकून दे." मला वाटलं, वा! तेवढ्यात ते चिखलात बसकण मारून रडायला लागले. कपाटाच्या खालच्या फळीतलं गीतांचं पुस्तक, ज्यात त्यांनी चाळीस वर्षं समासात सरगम लिहिली होती, ते एक नुसता गोळा झालं होतं. उघडायला गेलं की लगदा बोटाला लागायचा. प्रशस्तिपत्रकांसाठी नव्हे, त्या गोळ्यासाठी ते रडले. आणि पुढच्या रविवारी 'आमेन'ला तसेच अर्धा श्वास पुढं थांबले.

पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या आहेत, त्या तर दरसालच बुडतात. आपलं काय घेऊन बसलात.

६ मे २०२२ला सकाळी दहा वाजता मी आणि पप्पा दसरा चौकात होतो. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली म्हणून सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जिथल्या तिथं उभं राहिलं. रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली. भाजीच्या गाडीवरचा हात तसाच पावशेराच्या वजनावर. मला मागच्या माणसाच्या नाकातल्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. पप्पांचे ओठ हलत होते, मला वाटलं प्रार्थना करतायत, पण ते सेकंद मोजत होते. शंभर सेकंद फार मोठे असतात, एकदा उभं राहून बघा. सगळं परत सुरू झालं तेव्हा ते म्हणाले, "महाराज सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये खुर्ची कुणाची यावरून भांडत होतो." मी विचारलं, "मिळाली का?" म्हणाले, "मिळाली. पंख्याखालची."

त्या वर्षीच्या पावसाळ्यातच त्यांची तब्येत उतरली. मणक्याचं दुखणं जुनं होतंच, आता पाठ वाकली ती वाकलीच. नम्र म्हणजे मुळात वाकलेला, असं त्यांनीच मला शिकवलेलं, तेव्हा त्या अर्थानं म्हणायचं तर म्हणा. दवाखान्याचे दोन फेरे झाले, मग घरीच ठेवायचं ठरलं. आंघोळ घालायची पाळी माझ्यावर आली, आईच्यानं होईना. पहिल्या दिवशी त्यांनी बाथरूमची कडी आतून लावून घेतली. मी बाहेर उभा, आत तांब्या पडल्याचा आवाज, मग बराच वेळ नुसतं नळाचं पाणी. दुसऱ्या दिवशी कडी लावली नाही पण पाठ फिरवून बसले. पाठ घासू दिली. पायाला हात लावला तर पाय आखडून घेतला. "राहू दे. पाय मी धुतो." पण त्यांना खाली वाकता येत नव्हतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. आठ-दहा दिवस असंच. गुडघ्यापर्यंत मी, खाली कुणीच नाही. टाचांच्या भेगांत काळं साचायला लागलं. शेवटच्या भोजनाच्या रात्रीची गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल, कमरेला रुमाल बांधून येशू पाय धुवायला बसतो आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तुला कधीच धुवू देणार नाही. दर वेळी ते यात येशूकडून बोलायचे. रुमाल बांधल्याचा अभिनय करायचे. पेत्राचा आवाज काढताना त्यांच्या बोलण्यात थोडी थट्टा असायची, बघा कसा आडमुठा.

जानेवारीतली गोष्ट. बाहेर थंडी होती, बाथरूममध्ये बंबाच्या पाण्याची वाफ भरून चष्मा आंधळा झालेला. मी पाठीवर पाणी ओतून साबण शोधत होतो. पप्पांनी काही न बोलता उजवा पाय पुढं केला. स्टुलावरून थोडा वर उचललेला, थरथरत. मी बघतच राहिलो. मग त्यांनी भिंतीकडं तोंड करून म्हटलं, "नखं वाढल्यात."

मी पाय धुतला. मग दुसरा. नखं तिथंच बसून काढली, भिजून मऊ झाली होती. त्यांचा पाय इतका हलका असेल असं मला वाटलं नव्हतं. हे शब्बाथशाळेत सांगण्यासारखं होतं, पण या वेळी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. फेब्रुवारीत ते गेले.

दगडाचं आईला विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मी मजकूर वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला तिचे हात थांबले.

"नम्र? तुझे पप्पा?" आणि ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपायला लागली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अरे, अठ्ठेचाळीस वर्षं त्यांच्यासंगं राहिलो मी. मला इचार की." मग भाकरी उलटली, बोटानं कडा दाबल्या, आणि थोड्या वेळानं आवाज उतरवून म्हणाली, "शेवटी शेवटी बरे झालेले. पण ते काय दगडावर घालायचं असतंय? घालू नको. त्यांनी वाचलं असतं तर रोज सगळ्यांना दाखवलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं, नम्र काढा. तो म्हणाला, "बरं केलासा. अक्षरं मोठी येतील." फोन ठेवल्यावर मला मनातून फार बरं वाटलं. बापाच्या दगडावरून मोठेपणाचा शब्द काढायला लावणारा मुलगा! हे कुणालातरी सांगावं असं वाटायला लागलं, आणि लगेच कान गरम झाले. बघा, रक्त कुठं जातंय? आणि आता तर मी ते इथं लिहूनच टाकलं.

वायल्डर मेमोरियल चर्चवरून जाताना मला हल्ली सारखं वाटतं, रॉयल वायल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ साली बैलगाडीच्या वाटांचं कोल्हापूर बघायला आला तेव्हा त्याला काय ठाऊक असणार. त्याचा मुलगा रॉबर्ट इथंच जन्मला, १८६३ला. आता रिक्षावाल्याला 'वायल्डरला सोडा' म्हटलं की तो बरोबर नेतो. वायल्डर कोण ते त्याला माहीत नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही.

गेल्या रविवारी उपासनेला लवकर गेलो. एप्रिलची उष्णता, भिंतीसुद्धा ताप आल्यासारख्या. झाडलोट करणारा पोरगा नवीन आहे, वर्षभरापूर्वी गडहिंग्लजकडून आलाय. मी डावीकडच्या बाकावर बसलो तसा तो बटणांच्या पाटीकडं गेला आणि तिथून ओरडला, "काका, मास्तरांचा पंखा लावू काय?"

मी वर बघितलं. पात्यांवर धुळीचा थर, बाकी कोरी.

"कोण मास्तर रे?"

"काय म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "समदी असंच म्हणत्यात." आणि त्यानं बटण दाबलं.